लेस पॉल गिटारमध्ये लेस पॉलचं नेमकं किती?

सहावी_तार

नमस्कार मंडळी, एक प्रश्न आहे, जाणकारांनी प्रकाश टाकावा. इलेक्ट्रिक गिटारशी थोडाफार संबंध असलेला माणूस लेस पॉल हे नाव ओळखतोच, पण गंमत अशी की निम्म्यांना ते फक्त गिटारचं मॉडेल वाटतं आणि उरलेल्यांना इलेक्ट्रिक गिटार शोधणाऱ्याचं नाव. जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं की हा अमेरिकेतला मोठा वादक, याने भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार शोधली, गिब्सन कंपनीने ती १९५२ मध्ये बाजारात आणली आणि नाव त्याचं ठेवलं. पण परवा एका मित्राशी यावरून चांगलीच जुंपली, तो म्हणे शोधली बिधली काही नाही, बास्केटबॉलवाल्यांचं नाव बुटांवर छापतात ना तसला प्रकार आहे, गिटार कंपनीने बनवली, याने नुसती सही केली आणि जन्मभर रॉयल्टी खाल्ली.

शिवाय ती एवढी भारी होती तर गिब्सनने १९६१ मध्ये तो आकार बंद का केला? आणि बंद पडलेल्या त्याच गिटारी आता लाखो डॉलरला कशा जातात? नेटवर शोधलं तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या उलटं सांगतोय. कुणाला नीट माहीत असेल तर सविस्तर लिहा, मित्राच्या तोंडावर मारायचंय. (ह.घ्या.)

जुना_वाल्व्ह

मित्राच्या तोंडावर मारण्याइतका दारूगोळा मिळणार नाही हे आधीच सांगतो, पण तो म्हणतोय तेवढं सोपंही नाही.

आधी माणूस घ्या, गिटारकडे नंतर येतो. मूळ नाव लेस्टर विल्यम पोल्सफस, जन्म ९ जून १९१५, विस्कॉन्सिन राज्यातलं वॉकेशा गाव. पोरवयापासून वाजवणं आणि वस्तू उचकटणं दोन्ही बरोबरच चालू. माउथ ऑर्गन वाजवताना हात गिटारला मोकळे हवेत म्हणून गळ्यात अडकवायचा स्टँड स्वतःच तार वाकवून केला. पुढे रस्त्याकडेच्या एका बार्बेक्यूच्या टपरीवर वाजवायचा, तिथे मागे गाड्यांत बसलेल्या लोकांना गिटार ऐकूच येईना, तर याने ग्रामोफोनची सुई गिटारच्या अंगात खुपसली आणि रेडिओला जोडून टाकली. आवाज तर वाढला पण पोकळ गिटार स्वतःच्याच आवाजाने थरथरते आणि किंचाळायला लागते, म्हणून आत चिंध्या कोंबल्या, मग प्लास्टर ओतलं, आणि शेवटी गडी दुसऱ्या टोकाला गेला, रेल्वेच्या रुळाचा तुकडा घेऊन त्यावर तार ताणली आणि खाली टेलिफोनचा रिसीव्हर ठेवला. तार छेडली की सूर थांबतच नव्हता म्हणे. धावत आईकडे गेला तर तिने विचारलं, घोड्यावर बसून रूळ वाजवणारा काउबॉय तू कधी बघितलायस का? हे सगळं त्याच्याच तोंडचं आहे, आणि गोष्ट रंगवून सांगण्यात तो पटाईत होता, तेव्हा मिठाची चिमूट हाताशी ठेवा. पण मुद्दा कळला असेल, लाकूड जितकं कमी हलेल तितका तारेचा सूर जास्त टिकतो हे त्याच्या डोक्यात तेव्हापासून होतं.

मग शिकागो. तिथे रेडिओवर ऱ्हुबार्ब रेड या नावाने कंट्री वाजवायचा आणि लेस पॉल या नावाने जॅझ. तिथून न्यूयॉर्क. १९४०-४१ च्या सुमाराला एपिफोन या गिटार कंपनीच्या कारखान्यात रविवारी सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याने ४ बाय ४ इंचाचा पाईनचा ठोकळा घेतला, त्याला गिटारची नेक, म्हणजे मान बसवली, घरगुती पिकअप (तारेची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे) लावले. हाच तो प्रसिद्ध 'लॉग'. क्लबात घेऊन गेला तर लोक चक्रावले, हे काय ओंडका घेऊन आलाय. मग त्याने एका पोकळ गिटारचं धड मधून उभं कापलं आणि ते दोन तुकडे ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे चिकटवले. आवाजात काडीचा फरक नाही, पण आता लोक टाळ्या वाजवायला लागले! म्हणजे लोक डोळ्यांनी ऐकतात हे त्याला तिथे समजलं. तो लॉग आता नॅशव्हिलला कंट्री म्युझिकच्या म्युझियममध्ये आहे.

हा ओंडका घेऊन तो गिब्सनकडे गेला होता. त्यांनी झाडूला पिकअप लावलाय म्हणून हसून वाटेला लावलं.

आणि इथे तुमच्या मित्राचा मुद्दा सुरू होतो. गिब्सन जागी झाली ती लेस पॉलमुळे नाही, लिओ फेंडरमुळे. १९५० मध्ये फेंडरची भरीव लाकडाची गिटार आली, जिला पुढच्या वर्षी टेलिकास्टर नाव पडलं, आणि ती खपायला लागली तशी गिब्सनच्या पोटात गोळा आला. तेव्हा गिब्सनचा अध्यक्ष टेड मॅकार्टी. त्याचं म्हणणं असं की गिटार आम्ही कालामाझूच्या कारखान्यात आमच्या माणसांकडून तयार करून घेतली, वरचा टॉप मुद्दाम कोरून गोलसर केला कारण तसं कोरायची यंत्रं फेंडरकडे नव्हती, आणि मग नमुना घेऊन मी पेनसिल्व्हेनियात डेलावेअर वॉटर गॅपजवळच्या एका लॉजवर गेलो जिथे लेस पॉल आणि त्याची बायको मेरी फोर्ड रेकॉर्डिंग करत होते. लेसने वाजवून बघितली, आवडली, तिथेच करार ठरला. त्या वेळी हे जोडपं अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या स्टार्सपैकी होतं, त्यामुळे नावाला वजन होतं. करारात मुख्य अट ही की चारचौघांत वाजवायची ती गिब्सनच.

लेस पॉलचं म्हणणं बरोबर याच्या उलट. तो म्हणायचा की डिझाइनमध्ये मी पहिल्यापासून होतो, सोनेरी रंग माझा, आणि नंतरच्या काळ्या कस्टम मॉडेललाच मेपलचा टॉप असायला हवा होता, साध्या मॉडेलला नुसती महॉगनी, गिब्सनने उलटापालट केली. आता दोघंही हयात नाहीत, दोघंही आपापल्या परीने श्रेयाचे भुकेले होते. कागदावर निर्विवाद त्याची अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पहिल्या मॉडेलवरचा ट्रॅपीझ टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायची दांडी), त्याचं पेटंट लेस पॉलच्या नावावर आहे. आणि दैव बघा, संपूर्ण गिटारमध्ये फसलेली वस्तू तीच! कारखान्याने नेक इतक्या कमी कोनात बसवली की तारा त्या दांडीच्या वरून घेता येईनात, खालून घ्याव्या लागल्या, आणि मग उजवा तळवा टेकवून तारा दाबायची सोयच गेली. वर्ष-दीड वर्षात गिब्सनने तो टेलपीस काढून टाकला.

बाकीचं जेवल्यावर लिहितो.

फुकटचा_श्रोता

बैठक मारलीये. येऊ द्या पुढचं.

सोल्डरवाली

जुना_वाल्व्ह यांनी इतिहास छान मांडलाय, मी जरा गिटारच्या पोटात शिरते कारण "भारी का" याचं उत्तर तिथे आहे.

अंग महॉगनीचं, जाड, आणि त्याच्यावर मेपलची टोपी. महॉगनीची नेक गोंदाने कायमची बसवलेली, फेंडरसारखी स्क्रूने नाही. तारेची लांबी पावणेपंचवीस इंच धरतात, फेंडरची साडेपंचवीस. पाऊण इंचाने काय होतंय असं वाटेल पण त्याच सुराला तार कमी ताणावी लागते म्हणून बोटाखाली मऊ लागते, बेंड (तार ओढून सूर चढवणं) सोपे जातात. ब्लूजवाले या गिटारवर का भाळले याचं एक कारण हेही आहे.

पण खरी गोष्ट पिकअपची. १९५२ च्या सोनेरी गिटारला पी-९० होते, एका कॉइलचे. आवाज मस्त, खरखरीत, पण एकच कॉइल म्हटली की ती आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरची, दिव्यांची घूंऽऽ पण पकडते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर नावाचा इंजिनिअर होता, त्याने दोन कॉइल शेजारी ठेवल्या, दुसरी पहिलीच्या उलटी जोडली आणि तिच्याखाली चुंबकाचं टोकही उलटं ठेवलं. बाहेरून येणारी घूं दोन्ही कॉइलमध्ये सारखीच शिरते पण उलट्या जोडणीमुळे एकमेकींना मारते. तारेचा सूर मात्र दोनदा उलटा होतो, एकदा कॉइलने आणि एकदा चुंबकाने, म्हणजे पुन्हा सुलटा, त्यामुळे तो वाढतो. हाच हंबकर. १९५७ पासून तो लेस पॉलवर आला. आवाज जाड झाला, वरची धार थोडी बोथट झाली, आणि अ‍ॅम्पला (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला) जोरात धडक देणारा सिग्नल मिळाला. लव्हरला फक्त घूं घालवायची होती हो, रॉक वगैरे त्याच्या गावीही नव्हतं!

अवांतर: पेटंट मिळेपर्यंत पिकअपच्या खाली "पेटंटसाठी अर्ज केलाय" असं स्टिकर असायचं, त्यावरूनच त्यांना पीएएफ म्हणतात. पेटंट मिळालं १९५९ मध्ये. नंतर पेटंट नंबरचं स्टिकर आलं, आणि त्यावर नंबर कुठला छापला? हंबकरचा नाहीच, लेस पॉलच्या त्या फसलेल्या टेलपीसचा! २,७३७,८४२. म्हणजे पिकअपची नक्कल करायला कोणी पेटंट ऑफिसात जाऊन कागद मागवला असता तर हातात टेलपीसचं चित्र पडलं असतं. मुद्दाम केलं की गडबडीत झालं यावर लोक अजून भांडतात, मला विचाराल तर मुद्दाम.

आता लाखो डॉलरवाल्या. १९५८ मध्ये सोनेरी रंग बंद करून चेरी सनबर्स्ट आणला, म्हणजे कडेला लाल आणि मध्ये पिवळा पारदर्शक. सोनेरी रंगाखाली मेपल कसंही असलं तरी चालायचं, आता लाकूड दिसायला लागलं म्हणून मधोमध जोडलेले, एकसारख्या रेषा असलेले दोन तुकडे लावायला लागले, कधी त्यात वाघासारखे पट्टे. १९६० पर्यंतच चाललं हे, दीड हजाराच्या आसपास गिटारी झाल्या असाव्यात. त्यातला लाल रंग उजेडात टिकायचा नाही. एखादी दुकानाच्या काचेत राहिली तर कडेचा लाल उडून सगळी मधासारखी पिवळी व्हायची आणि पिकगार्ड (ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी) काढलं की खाली मूळचा रंग तसाच. त्यामुळे आज दोन बर्स्ट (या सनबर्स्ट गिटारींना बर्स्टच म्हणतात) एकसारख्या सापडत नाहीत. रंग टिकला नाही हा कारखान्याचा दोष, आणि आज त्याचेच पैसे मोजतात लोक.

सहावी_तार

बाप रे, पेटंट नंबरचा किस्सा अफाट आहे. पण मग माझा दुसरा प्रश्न आणखीच अवघड झाला की! हंबकर लागला, रंग आला, गिटार परिपूर्ण झाली आणि तेव्हाच बंद? असं कोण करतं?

जुना_वाल्व्ह

जी गिटार खपत नाही ती बंद करतात, दुसरं काय.

तेव्हाचा गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणा. १९५८-५९ ला तरुणांना हवी होती हलकी, चकचकीत, भविष्यातली वाटणारी वस्तू, म्हणजे फेंडरची स्ट्रॅटोकास्टर. लेस पॉल त्यांच्या मानाने जड, जुन्या वळणाची, बाबांच्या जॅझ गिटारची धाकटी बहीण. (१९५२ ला तिची छापील किंमत २१० डॉलर होती, टेलिकास्टरहून जास्तच.) आणि ज्याच्या नावावर ती चालायची त्या लेस पॉलची स्वतःची गाणी रॉक अँड रोल आल्यापासून मागे पडत चालली होती. म्हणून १९६१ मध्ये गिब्सनने सगळंच बदललं, पातळ अंग, दोन्ही बाजूंनी खाचा, दोन टोकदार शिंगं. हेडस्टॉकवर (नेकच्या वरच्या टोकावर) नाव मात्र अजून लेस पॉलच. त्याला ती गिटार अजिबात आवडली नाही. त्याच सुमाराला मेरी फोर्डशी घटस्फोटाची भानगड सुरू झाली, नव्या करारातले पैसे त्या वाटणीत अडकू नयेत असंही त्याचं गणित होतं म्हणतात. १९६३ च्या सुमाराला नाव निघालं आणि ती गिटार नुसती एसजी झाली. १९६४ ला घटस्फोट झाला.

म्हणजे बघा, साठच्या दशकाच्या मध्यात जुन्या लेस पॉल सेकंडहँड दुकानांत पडून होत्या. आणि तिथून त्या उचलल्या इंग्लंडमधल्या पोरांनी. कीथ रिचर्ड्सकडे १९६४ ला एक बर्स्ट होती. पण खरा दणका १९६६ चा, जॉन मेयॉलच्या ब्लूज ब्रेकर्सबरोबर एरिक क्लॅप्टनने बर्स्ट घेतली, मार्शलचा अ‍ॅम्प घेतला आणि स्टुडिओत आवाजाचं बटण तिथवर नेलं जिथवर तेव्हा कोणी नेत नसे. रेकॉर्डिंगवाल्यांच्या दृष्टीने अ‍ॅम्पचा आवाज फाटणं म्हणजे बिघाड, तो बिघाडच त्याला हवा होता. हंबकरचा दणकट सिग्नल, ठोकळ लाकूड, फाटलेला अ‍ॅम्प, आणि सूर असा लांबला की व्हायोलिनला लाजवेल. त्या वर्षीच क्लॅप्टनची ती गिटार चोरीला गेली आणि आजपर्यंत पत्ता नाही. पण तोवर इकडे शिकागोचा माइक ब्लूमफिल्ड, तिकडे पीटर ग्रीन, नंतर जिमी पेज, सगळ्यांना तीच हवी झाली आणि गिब्सनला १९६८ मध्ये झक मारत परत उत्पादन सुरू करावं लागलं.

आता गंमत ही की लेस पॉलने गिटार ज्या आवाजासाठी हवी म्हणून आयुष्य घालवलं तो आवाज स्वच्छ, काचेसारखा. फाटलेला नाही. पुढे १९७१ ला त्याच्या मनासारखं मॉडेल एकदाचं निघालं, लेस पॉल रेकॉर्डिंग, कमी इम्पिडन्सचे (कमी विद्युतरोधाचे) पिकअप, बटणंच बटणं, थेट मिक्सरला जोडता येणारं. ते कोणी घेतलं नाही.

पाठदुखी

जाणकार मंडळी एका गोष्टीवर गप्प आहेत ती म्हणजे वजन. चार किलो सहज, जुन्या काही पाच किलोच्या जवळ. तीन तास उभं राहून वाजवा आणि मग सस्टेनबद्दल (सूर टिकण्याबद्दल) बोला. ऐंशीच्या दशकापासून गिब्सन आतून भोकं पाडून वजन कमी करायला लागली, बाहेरून कळत नाही. आणि पडू देऊ नका काहीही झालं तरी! हेडस्टॉक १७ अंशात मागे झुकलेला, नेक एकाच महॉगनीच्या तुकड्यातून कापलेली, म्हणजे वळणावर लाकडाचे तंतू आखूड, आणि नेमकं तिथेच ट्रस रॉडसाठी (नेक सरळ ठेवणाऱ्या दांड्यासाठी) खड्डा. उभी ठेवलेली गिटार मागे पडली की बरोबर नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे टकदिशी तुटते. केबलवर पाय पडतो आणि काम तमाम. चांगला कारागीर चिकटवून देतो आणि वाजतेही पहिल्यासारखी, किंमत मात्र निम्म्यावर येते.

जी ची तार सुरात राहत नाही ही तक्रारही जुनीच. तार नटमधून निघून बाजूला वळते ना, ती खाचेत अडकते. पेन्सिलचं शिसं खाचेत घासा, बरंच सुधारतं.

टेपचं_भेंडोळं

सगळे गिटारलाच चिकटून बसलात. लेस पॉलने भरीव गिटार शोधली नाही, हे मान्य करून टाका आणि मोकळे व्हा. रिकनबॅकरची अ‍ॅल्युमिनियमची 'फ्राइंग पॅन' तिशीच्या सुरुवातीची, आणि पॉल बिग्जबीने मर्ल ट्रॅव्हिससाठी केलेली भरीव गिटार १९४८ ची. पण त्याने रेकॉर्डिंगचं जे केलं ते बघितलं तर गिटार म्हणजे जोडधंदा वाटतो.

१९४५ मध्ये गायक बिंग क्रॉस्बीबरोबर वाजवलेलं 'इट्स बीन अ लाँग, लाँग टाइम' नंबर एकला गेलं. क्रॉस्बीनेच त्याला म्हटलं की स्वतःचा स्टुडिओ काढ. मग याने हॉलिवूडमधल्या घराच्या गॅरेजमध्ये काढला. रेकॉर्ड कापायचं मशीन स्वतः बनवलं, त्यात कॅडिलॅकचं फ्लायव्हील वापरलं, का तर ते डळमळत नाही, फिरण्याचा वेग एकसारखा राहतो. टेप नव्हती अजून. एका तबकडीवर एक गिटार वाजवायची, ती तबकडी वाजवत त्याबरोबर दुसरी वाजवायची आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर कापायचं, मग तिसरी. असा 'लव्हर' नावाचा तुकडा केला, आठ गिटारी, आठही एकट्याच्या. काही अर्ध्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीवर वाजवलेल्या, म्हणून पूर्ण वेगाने ऐकताना एक सप्तक वर आणि दुप्पट चपळ. कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीने १९४८ मध्ये काढला तो.

आणि त्याच वर्षी जानेवारीत ओक्लाहोमात बर्फावरून गाडी घसरून रस्त्याखाली कोसळली. उजवं कोपर चुरा. डॉक्टर आधी हात काढायच्या गोष्टी करत होते, मग म्हणाले वाचवू पण कोपर परत हलणार नाही, ज्या कोनात बसवू त्याच कोनात राहील. याने सांगितलं, गिटार वाजवता येईल अशा कोनात बसवा, अंगठा बेंबीकडे ठेवून. तसाच बसवला. पुढची साठ वर्षं जे वाजवलं ते त्या न हलणाऱ्या कोपराने. त्याचे कुठलेही जुने व्हिडिओ बघा, उजवा हात मनगटापासूनच काम करतो, वर सगळं स्थिर. एकदा कळलं की नजर तिथेच जाते.

१९४९ मध्ये क्रॉस्बीने त्याला अँपेक्स कंपनीचं टेप मशीन भेट दिलं. मशीनचा क्रम असा की आधी पुसणारं हेड, मग रेकॉर्ड करणारं, मग वाजवणारं. याने पुसणाऱ्याच्या आधी एक जादा वाजवणारं हेड बसवलं. आता जुना आवाज पुसला जायच्या आत उचलता येतो, त्यात नवी गिटार किंवा मेरीचा आवाज मिसळून त्याच टेपवर परत लिहिता येतो. एवढंच, पण धोका समजून घ्या! मागचं सगळं पुसत पुसत पुढे जायचं. दहा थर झाले आणि अकराव्यात बोट चुकलं की दहाच्या दहा गेले, पहिल्यापासून सुरुवात. शिवाय प्रत्येक थराला जुना आवाज थोडा मळतो, म्हणून महत्त्वाचं सगळ्यात शेवटी वाजवायचं. म्हणजे अख्खं गाणं डोक्यात उलट्या क्रमाने तयार हवं. न्यूयॉर्कला जॅक्सन हाइट्समधल्या राहत्या घरात १९५१ साली असं 'हाऊ हाय द मून' केलं आणि ते नऊ आठवडे नंबर एकला होतं. मेरी फोर्ड माइकच्या अगदी तोंडाशी गायची, तेव्हा स्टुडिओत गायकाला दोन-दोन फूट लांब उभं करायचे. तिचे पाच-सहा आवाज एकमेकींत इतके चोख बसतात की एकीचा श्वाससुद्धा दुसरीच्या मध्ये येत नाही. तिचं नाव गिटारवर नाही, हे मला खरंच खटकतं. गाणी खपली ती निम्मी तिच्यामुळे.

मल्टिट्रॅक, ओव्हरडब, आज लॅपटॉपवर पोरं जे सहज करतात ते सगळं या माणसाचं देणं आहे.

सोल्डरवाली

भेंडोळं, बाकी सगळं मान्य पण शेवटच्या वाक्यावर थांबा जरा. जॅझवादक सिडनी बेशेने १९४१ मध्ये एकट्याने सहा वाद्यं एकावर एक रेकॉर्ड केली होती, तबकड्यांवरच. आणि आठ ट्रॅकचं पहिलं मशीन लेस पॉलने मागवलं हे खरं, दहा हजार डॉलर मोजले, १९५७ मध्ये मिळालं, त्याला 'ऑक्टोपस' म्हणायचे. पण ते चालतं ज्यावर ते, म्हणजे रेकॉर्ड हेडवरूनच जुने ट्रॅक ऐकत नवा ट्रॅक सुरात टाकायचा, ते अँपेक्सच्या रॉस स्नायडरचं काम. श्रेयाच्या बाबतीत गिटारवर तुम्ही इतके कडक आणि टेपवर इतके सढळ कसे?

टेपचं_भेंडोळं

बेशे मान्य, स्नायडर मान्य. पण बेशेने तो प्रयोग केला आणि सोडला. लेस पॉलने त्याच्यावर घरदार उभं केलं, ते देशभर रेडिओवर वाजवलं, आणि बाकीच्यांना कळलं की असं करता येतं. आणि गिटारच्या बाबतीतही मी तेच म्हणेन खरं तर. लॉग कोणी विकत घेतला नाही, पण आठ-दहा वर्षं हा माणूस गिब्सनच्या डोक्याला भुंगा लावून होता, फेंडर आल्यावर त्यांना कोणाचं नाव आठवलं? रस्त्यावरचा कुठलाही स्टार चालला नसता. बुटावरच्या नावापेक्षा हे जास्त आहे, आणि शोधापेक्षा कमी.

जुना_वाल्व्ह

याला +१. आणि कंपनीने दिलेली गिटार तो तशी वाजवायचाच नाही, हेही धागाकर्त्याच्या मित्राला सांगा. घरी आणली की छिन्नी, सोल्डर, पिकअप बदल, भोकं पाड. त्याच्या स्वतःच्या गिटारी बघाल तर दुकानातला माणूस परत घेणार नाही अशा अवस्थेत.

फुकटचा_श्रोता

मला कोणी तरी सांगा, ऐकायला सुरुवात कुठून करू? माझं ज्ञान स्लॅशपाशी सुरू होऊन स्लॅशपाशी संपतं.

सोल्डरवाली

स्लॅशने गन्स एन रोझेसच्या पहिल्या अल्बमवर वाजवलेली गिटार गिब्सनची नव्हतीच, क्रिस डेरिग नावाच्या कारागिराने हाताने केलेली बर्स्टची नक्कल होती ती. घ्या, ज्ञान वाढलं :)

टेपचं_भेंडोळं

श्रोते, हेडफोन लावून 'हाऊ हाय द मून'. पहिल्यांदा फक्त मेरीचे आवाज ऐका, दुसऱ्यांदा फक्त मागच्या गिटारी. मधल्या सोलोत एक बारीक, खळखळणारी गिटार येते ती ऐका आणि १९५१ साल आहे हे लक्षात ठेवा. मग 'लव्हर', ते जरा यंत्रासारखं आहे, सगळ्यांना आवडत नाही, मलाही रोज ऐकवत नाही. त्यानंतर सरळ १९७६ चा गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्सबरोबरचा 'चेस्टर अँड लेस्टर' लावा, त्याला ग्रॅमी मिळालं होतं. दोघं समोरासमोर बसून वाजवतायत आणि तुकड्यांच्या मध्ये एकमेकांची टर उडवताना स्पष्ट ऐकू येतात, ते कापलेलं नाही.

म्हातारपणीचंही बघा, न्यूयॉर्कच्या इरिडियम क्लबमध्ये दर सोमवारी वाजवायचा, २००९ मध्ये ९४ व्या वर्षी गेला त्या वर्षापर्यंत. संधिवाताने डाव्या हाताची बोटं आखडलेली, पूर्वीची सुसाट धाव गेलेली, एक सूर लावतो आणि पुढचा येईपर्यंत लोकांना ताटकळत ठेवतो. मध्येच बँडमधल्या तरुण पोरांना चिमटे काढतो. त्या व्हिडिओंत गिटार नीट बघा, खालच्या बाजूला बटणांची एवढी गर्दी आहे की कुठलं कशाचं हे त्यालाच माहीत.